नाट्यशिक्षक गोविंद बल्लाळ देवल

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक होते, तेव्हा राजाचे काम करणाऱ्या मुलास सर्व जण ओळखतात. विदूषक झालेल्या मुलाचे नाव दुसऱ्या दिवशीही साऱ्यांच्या तोंडी असते. परंतु ज्या गुरुजींनी महिना-दीड महिना रोज सायंकाळी मुलांकडून संवाद घोटवून घेतले, कोणी कोठून यावे, कोठे उभे राहावे, कोणत्या शब्दावर क्षणभर थांबावे हे शिकविले, ते त्या वेळी कोठे असतात? ते पडद्याच्या आड एका कोपऱ्यात उभे असतात. टाळ्यांचा कडकडाट त्यांच्या कानी पडतो; परंतु प्रेक्षकांच्या दृष्टीस ते पडत नाहीत.

मराठी रंगभूमीवर असे एक थोर शिक्षक होऊन गेले. त्यांचे नाव गोविंद बल्लाळ देवल. नाटककार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. त्यांनी अवघी सात नाटके लिहिली आणि त्यांतील काही आज शंभर वर्षांनंतरही रंगभूमीवर येतात. परंतु ज्या नटांनी त्यांच्या हाताखाली धडे घेतले, त्यांना ते सदैव देवलमास्तरच वाटत. नाटके लिहिणारे पुष्कळ झाले. नट घडविणारे थोडे. गोविंदरावांनी ही दोन्ही कामे केली आणि दोन्ही एकाच वृत्तीने, शिक्षकाच्या वृत्तीने केली.

सांगली शहराला लागूनच हरिपूर नावाचे एक टुमदार गाव आहे. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांचा तेथे संगम झाला आहे. संगमावर संगमेश्वराचे देवालय आहे. जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठविण्याबद्दलही हे गाव प्रसिद्ध होते. या हरिपुरात १३ नोव्हेंबर १८५५ रोजी गोविंदरावांचा जन्म झाला. त्यापूर्वी बाराच वर्षे, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, शेजारच्या सांगलीत एक मोठी घटना घडली होती. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक करून दाखविले होते. तेथपासून मराठी नाटकाचा इतिहास सुरू झाला, असे मानतात. म्हणजे मराठी नाटक आणि त्याचे हे भावी शिक्षक एकाच पाण्यावर वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळची नाटके आजच्याहून फार निराळी असत. कथा बहुधा पुराणातील असे. आरंभी सूत्रधार येऊन ईशस्तवन करी, मग गजानन येत, सरस्वती मोरावर बसून येई. नाटकातील सारी पदे सूत्रधारच म्हणे आणि पात्रे त्या पदांना धरून हावभाव करीत. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. ज्याला जसे सुचेल तसे तो बोले. राक्षस आला की तो मोठी आरोळी ठोकी, तलवारीचे हात करी आणि लहान मुले भिऊन आईच्या कुशीत तोंड लपवीत. लोकांना या नाटकांचे वेड होते खरे; परंतु माणूस घरात जसा बोलतो, जसा रुसतो, जसा हसतो, तसे त्या रंगभूमीवर कोणी बोलत, रुसत किंवा हसत नसे.

गोविंदरावांचे इंग्रजी शिक्षण बेळगावास झाले. आज हे शहर कर्नाटक राज्यात आहे. तेथे त्यांना एक असामान्य गुरू लाभले. ते म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. सारा महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर या नावाने ओळखतो. अण्णासाहेब कवी होते, गाण्याचे मर्मज्ञ होते आणि नाटकाचा त्यांना विलक्षण नाद होता. अशा गुरूच्या सहवासात राहून शिष्याला तो नाद न लागता तरच नवल! १८७९ मध्ये गोविंदराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि बेळगावातच हायस्कुलात शिक्षक झाले. हातात खडू आणि मनात नाटक, अशी त्यांची त्या वेळची स्थिती होती.

पुढच्याच वर्षी अण्णासाहेबांनी मराठी रंगभूमीचे रूप पालटून टाकले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. या नाटकात गाणे सूत्रधाराकडे नव्हते. दुष्यंत आपली पदे स्वतः म्हणे, शकुंतला आपली पदे स्वतः म्हणे आणि सर्व पात्रांची भाषणे नाटककाराने लिहून दिलेली होती. पाहणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला. त्यातून किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले आणि मंडळींचे नाव सर्वतोमुखी झाले. या नव्या उद्योगात गोविंदराव आपल्या गुरूंच्या साह्यास होते. नाटक लिहावे कसे, ते बसवावे कसे आणि नटाकडून काम करून घ्यावे कसे, याचे पाठ त्यांना अण्णासाहेबांकडून मिळाले.

परंतु हा सहवास फार काळ टिकला नाही. 'रामराज्यवियोग' हे नाटक अपुरे टाकून २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब हे जग सोडून गेले. त्यांचे वय त्या वेळी अवघे बेचाळीस वर्षांचे होते. गोविंदराव तिशीच्या उंबरठ्यावर उभे होते. गुरू गेले, परंतु गुरूंनी आरंभिलेले काम अर्धेच झाले होते.

आज नाटकात काम करणाऱ्यास समाजात मान मिळतो. त्या वेळी तसे नव्हते. नाटक पाहावयास लोक गर्दी करीत. पण आपला मुलगा नाटकात गेला असे कळले की घरात रडारड होई. नाटकवाल्यांना बिऱ्हाडाला जागा मिळणे कठीण, मुलगी मिळणे त्याहूनही कठीण. शाळेतील शिक्षकाला मात्र सारे गाव वाकून नमस्कार करी. असे असता एका शिकलेल्या माणसाने, हायस्कुलातील शिक्षकाने, नाटकाची वाट धरावी, ही साधी गोष्ट नव्हती. गोविंदरावांनी ती वाट धरली. मात्र शिक्षकाचा धर्म त्यांनी सोडला नाही. वर्ग बदलला, विद्यार्थी बदलले, एवढेच.

हे विद्यार्थी कोण होते? नाटक मंडळी म्हणजे एक मोठे फिरते कुटुंब असे. आज पुणे, उद्या मुंबई, पुढे इंदूर, बडोदे अशी तिची भ्रमंती चाले. पडदे, पेट्या, पोशाख, मुकुट, तलवारी आणि स्वयंपाकाची भांडी असा सारा संसार बैलगाडीने किंवा आगगाडीने गावोगाव हिंडे. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. त्यामुळे शकुंतला, सुभद्रा यांची कामे पुरुषच करीत. गोड गळ्याची, देखणी, लहान मुले मंडळीत घेतली जात. त्यांतील कित्येकांचे शिक्षण अर्धवटच सुटलेले असे. काहींचा गळा सुरेल असे, पण उच्चार अशुद्ध. काहींची स्मरणशक्ती दांडगी असे, पण पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ त्यांना ठाऊक नसे. अशा मुलांतून राजे, ऋषी, नायिका आणि विदूषक तयार करावयाचे होते.

नाटकाच्या या अभ्यासाला तालीम म्हणतात. गोविंदरावांच्या तालमीत पाठांतराला महत्त्व होते, परंतु त्याहून अधिक महत्त्व अर्थाला होते. नटाने आधी वाक्य समजून घ्यावे, आपण कोण आहो, कोणाशी बोलत आहो आणि का बोलत आहो हे जाणावे आणि मगच तोंड उघडावे, अशी त्यांची शिकवण होती. उच्चार स्वच्छ हवा, शेवटच्या रांगेतील माणसाला प्रत्येक शब्द ऐकू गेला पाहिजे. तरीही बोलणे ओरडल्यासारखे वाटता कामा नये. राग दाखवावयाचा म्हणजे हातपाय आपटावयाचे आणि दुःख दाखवावयाचे म्हणजे गळा काढावयाचा, ही जुनी समजूत त्यांनी मोडून काढली. माणूस खरोखर दुःखी झाला म्हणजे पुष्कळदा त्याचा आवाज बारीक होतो, तो बोलता बोलता थांबतो, दुसरीकडे पाहतो. हे सारे नटाने आपल्या अवतीभवती पाहून शिकावे, असे त्यांच्या शिक्षणाचे सार होते.

या तऱ्हेच्या अभिनयाला स्वाभाविक अभिनय म्हणतात. मराठी रंगभूमीवर तो रुजविण्याचे मोठे श्रेय गोविंदरावांकडे जाते. आणि असा अभिनय करता यावा म्हणून त्यांनी भाषाही तशीच लिहिली. त्यांच्या नाटकांतील माणसे घरातल्यासारखी बोलतात. त्यांची पदे सोपी असतात. ऐकताच अर्थ कळतो आणि चाल ओठांवर बसते. शिक्षकाला जसे ठाऊक असते की अवघड शब्दांनी विद्यार्थी दबतो, शिकत नाही, तसेच गोविंदरावांना ठाऊक होते की अवघड वाक्यांनी नट अडखळतो आणि प्रेक्षक दूर जातो.

गुरूंच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, १८८६ मध्ये, त्यांचे पहिले नाटक 'दुर्गा' आले. ते एका इंग्रजी शोकनाट्यावर आधारलेले होते. त्यामागून १८८७ मध्ये 'मृच्छकटिक' आले. शूद्रकाच्या संस्कृत नाटकातील उदार, परंतु दरिद्री चारुदत्त, थोर मनाची वसंतसेना आणि मूर्ख, दुष्ट शकार ही माणसे त्यांनी मराठीत आणली. मातीची गाडी नको म्हणून रडणारे चारुदत्ताचे मूल आणि त्याच्या गाडीत आपले सोन्याचे दागिने घालणारी वसंतसेना यांचा प्रवेश ज्याने एकदा पाहिला, तो त्याला विसरत नाही. पुढे कालिदासाच्या नाटकावरून 'विक्रमोर्वशीय', बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम' आणि शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून १८९० मध्ये 'झुंझारराव' अशी नाटके त्यांनी रचली. 'झुंझारराव' हे गद्य नाटक शाहूनगरवासी नाटक मंडळींनी गाजविले. त्यातील संशयाने पेटलेला नायक गणपतराव जोशी यांनी असा उभा केला, की त्यांची ती भूमिका पुढे कित्येक वर्षे लोकांच्या बोलण्यात राहिली.

दुसऱ्या भाषेतील नाटक आपल्या भाषेत आणणे म्हणजे शब्दांच्या जागी शब्द ठेवणे नव्हे. रोप एका बागेतून काढून दुसऱ्या बागेत लावावयाचे असेल, तर त्याला नव्या मातीची सवय करावी लागते. ही कला गोविंदरावांना उत्तम साधली होती. त्याचे एक गमतीदार उदाहरण पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये मोलियर नावाचे एक थोर विनोदी नाटककार होऊन गेले. १६६० मध्ये त्यांनी संशयी नवऱ्याची फजिती दाखविणारे एक प्रहसन लिहिले. त्यावरून शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी यांनी इंग्रजी नाटक रचले आणि त्या इंग्रजी नाटकावरून गोविंदरावांनी १८९३ च्या सुमारास 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक तयार केले. पॅरिसहून निघालेली ही गोष्ट लंडनमार्गे महाराष्ट्रात आली. परंतु येथे येताच तिने असा मराठी पोशाख घातला, की ती परकी आहे हे कोणास सांगूनही खरे वाटू नये. गोविंदरावांनी पात्रांची नावेही मोठ्या खुबीने ठेविली. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या, वैशाखशेट! जणू काही सारे पंचांगच भांडत-तंडत रंगभूमीवर अवतरले आहे. एक तसबीर रस्त्यावर पडते काय, ती कृत्तिकेच्या हाती लागते काय आणि तेवढ्यावरून दोन घरांत संशयाचे वादळ उठते काय! प्रेक्षक हसून हसून बेजार होतात आणि घरी जाताना उगीच संशय घेण्याची आपलीही खोड त्यांना आठवते.

परंतु गोविंदरावांचे जे नाटक महाराष्ट्राच्या अंतःकरणाला जाऊन भिडले, ते कोणत्याही ग्रंथावरून घेतलेले नव्हते. ते त्यांनी आपल्या भोवतालच्या समाजावरून लिहिले. त्या नाटकाचे नाव 'शारदा'.

त्या काळी मुलींची लग्ने फार लहान वयात होत. तुमच्या वर्गातील मुली ज्या वयात शाळेत येतात, त्याच्याही आधी पुष्कळ मुली सासरी गेलेल्या असत. त्यांत आणखी एक दुष्ट चाल होती. एखाद्या धनवान वृद्धाची बायको वारली की तो पुन्हा लग्नाला उभा राही. मध्यस्थ लोक त्याच्यासाठी गरीब घरातील कोवळी मुलगी शोधीत. मुलीच्या बापाला द्रव्य मिळे आणि मुलीला आजोबांच्या वयाचा नवरा मिळे. थोड्याच वर्षांत तो मरे. मग त्या मुलीच्या वाट्याला विधवेचे कठोर जिणे येई. तिने चांगले वस्त्र नेसू नये, मंगलकार्यात पुढे येऊ नये, कोणाच्या दृष्टीस पडू नये. पुष्कळ घरांत तर तिचे केसही काढून टाकीत. या व्यवहारात सर्वांना विचारीत, फक्त जिचे लग्न तिला कोणी विचारीत नसे.

या दुष्ट चालीविरुद्ध सुधारक मंडळी वर्तमानपत्रांतून लिहीत होती, सभांतून बोलत होती. परंतु वर्तमानपत्र वाचणारे किती? सभेला जाणारे किती? आणि ज्यांना हे ऐकणे आवश्यक होते, त्या घराघरांतील आया-आज्या तर तेथे मुळीच जात नसत. नाटकाला मात्र सारे जात. गोविंदरावांनी नाटकाचाच वर्ग केला आणि साऱ्या महाराष्ट्राला त्यात बसविले.

भुजंगनाथ नावाचा एक श्रीमंत म्हातारा आहे. पाऊणशे वयमान झाले तरी त्याला नवरदेव होण्याची हौस आहे. भद्रेश्वर दीक्षित नावाचा लबाड मध्यस्थ त्याला तरुण म्हणून मिरवितो आणि त्याच्यासाठी वधू शोधतो. कांचनभट नावाचा लोभी भिक्षुक पैशाच्या आशेने आपली मुलगी शारदा त्याला द्यावयास तयार होतो. शारदेची आई इंदिराकाकू आणि मैत्रीण वल्लरी यांचे काही चालत नाही. कोदंड नावाचा तेजस्वी तरुण मात्र या अन्यायाविरुद्ध उभा राहतो. वधू आणि वर एकाच गोत्राचे आहेत, म्हणून हे लग्न शास्त्रालाही मान्य नाही, हे तो भर मांडवात उघड करतो आणि लग्न मोडते. जिवाला कंटाळलेल्या शारदेला पुढे कोदंडच सावरतो आणि अखेर धर्मगुरूंच्या संमतीने त्या दोघांचा विवाह होतो.

१८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळींनी हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील विशेष असा, की लेखकाने कोठेही व्याख्यान दिले नाही. दात पडलेला, काठी टेकीत चालणारा भुजंगनाथ तरुणपणाचा आव आणतो, तेव्हा प्रेक्षकांना हसू आवरत नाही. परंतु लगेच शारदा येते. आपल्याच बापाने आपला सौदा केला आहे हे कळल्यावर त्या मुलीच्या मनात जी भीती दाटते, ती पाहून तेच प्रेक्षक स्तब्ध होतात. ज्या गोष्टीला आपण आताच हसलो, ती गोष्ट एका मुलीच्या जन्माची होळी करीत आहे, हे त्यांच्या ध्यानी येते. हसता हसता लाज वाटावी आणि लाज वाटता वाटता शहाणपण यावे, असे हे शिक्षण होते.

नाटकगृहात बसलेल्या कित्येक बापांना त्या रात्री कांचनभट आपलाच शेजारी वाटला असेल. कित्येकांना तो आरशातही दिसला असेल. पडद्याआड बसलेल्या बायकांनी पदराने डोळे पुसले असतील. शारदेची पदे घरोघर गेली. जात्यावर, झोपाळ्यावर, नदीवर मुली ती म्हणू लागल्या. एका नाटकाने ती चाल एका दिवसात नाहीशी झाली, असे म्हणणे खरे होणार नाही. परंतु जे लग्न आजवर गुपचूप मिरवत होते, त्याच्याकडे लोक बोट दाखवू लागले, हा लाभ लहान नव्हता. पुढे तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो कायदा मांडणाऱ्या गृहस्थांचे नाव हरबिलास सारडा होते. म्हणून त्याला सारडा कायदा म्हणत. परंतु महाराष्ट्रात पुष्कळ लोक त्याला शारदा कायदा असेच म्हणू लागले. नावांतील साम्य हा योगायोग होता, तरी लोकांच्या मनात त्या विषयाशी शारदेचे नाव किती घट्ट जोडले गेले होते, हे त्यावरून दिसते. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा वर्षे ठरविले. आज ते अठरा वर्षे आहे.

'शारदा' हे मराठीतील पहिले महत्त्वाचे स्वतंत्र सामाजिक संगीत नाटक मानले जाते. एवढे यश मिळाल्यावर दुसरा एखादा लेखक वर्षाला एक नाटक लिहिता. गोविंदरावांनी तसे केले नाही. त्यांचा वेळ पुन्हा तालमीत जाऊ लागला. १९०१ मध्ये किर्लोस्कर मंडळींचे थोर गायक नट भाऊराव कोल्हटकर वारले. त्यांच्या आवाजावर सारा महाराष्ट्र लुब्ध होता. मंडळीवर मोठे संकट कोसळले. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, सतरा वर्षांचा एक मुलगा मंडळीत आला. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. हेच पुढे बालगंधर्व म्हणून प्रसिद्ध झाले. गळा तर त्यांना देवाने दिला होता. परंतु गळा म्हणजे अभिनय नव्हे. शकुंतलेने कसे चालावे, शारदेने कसे लाजावे, पदर कसा सावरावा, वाक्य कोठे तोडावे, हे शिकावे लागते. पन्नाशीला आलेल्या गोविंदरावांनी या कोवळ्या नटाला हाताशी धरले आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून शिकविण्यास आरंभ केला. त्यांचे दुसरे नामांकित शिष्य गणपतराव बोडस. गणपतरावांजवळ बालगंधर्वांसारखा गळा नव्हता. परंतु स्वाभाविक अभिनय ही गुरूंची विद्या त्यांनी अशी आत्मसात केली, की गद्य बोलण्यात त्यांचा हात धरणारा नट क्वचितच सापडे. एकाच गुरूच्या हाताखाली दोन शिष्य दोन निराळ्या वाटांनी मोठे झाले. शिष्याला आपल्यासारखा न करता त्याच्यासारखाच होऊ देणे, ही चांगल्या शिक्षकाची खूण आहे.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीसाठी देवलांनी आपले जुने 'फाल्गुनराव' पुन्हा हाती घेतले. त्यात त्यांनी पदे घातली आणि त्याचे 'संशयकल्लोळ' हे संगीत नाटक तयार केले. वय साठीला पोहोचले होते. तरी त्या पदांतील मिस्किलपणा तरुणाला शोभणारा होता. परंतु या नव्या रूपातील नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी गोविंदरावांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले. फाल्गुनराव झाले होते गणपतराव बोडस आणि रेवती झाले होते बालगंधर्व. नाटकगृह हास्याने दुमदुमून गेले. पडद्याआडच्या ज्या कोपऱ्यात एरवी मास्तर उभे असावयाचे, तो कोपरा मात्र रिकामा होता. त्या रात्री लोकांना हसविताना त्या दोन शिष्यांच्या मनांत काय चालले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु नटाने आपले दुःख बाजूस ठेवून भूमिकेचे सुखदुःख जगावे, हेच तर मास्तरांनी त्यांना शिकविले होते. तो धडा त्यांनी गिरविला. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती?

गोविंदरावांच्या काळी नाट्यशिक्षण देणारी शाळा नव्हती. नाटक मंडळी हीच शाळा आणि तालीम हाच वर्ग. आज छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि महाराष्ट्रातील इतरही काही विद्यापीठांत नाट्यशास्त्राचे विभाग आहेत. तेथे मुले आणि मुली एकत्र बसून अभिनय, दिग्दर्शन आणि नाटकाचा इतिहास शिकतात. ज्या शारदेची भूमिका एकेकाळी मुलाला करावी लागे, ती आता मुलगी करते. एवढेच नव्हे, तर नाटक बसविण्याचे कामही ती करते. या विद्यार्थ्यांना आपल्या आईवडिलांपासून आपला अभ्यास लपवून ठेवावा लागत नाही. नाट्यकलेला ही प्रतिष्ठा ज्यांनी मिळवून दिली, त्यांत शाळेचा खडू खाली ठेवून रंगभूमीवर गेलेल्या बेळगावच्या त्या शिक्षकाचा वाटा मोठा आहे. १४ जून हा त्यांचा स्मृतिदिन नाट्यकर्मी आदराने पाळतात.

पुढे तुमच्या शाळेत नाटक होईल. पडदा उघडेल, दिवे लागतील, टाळ्या पडतील. त्या वेळी क्षणभर पडद्याच्या आड पाहा. तेथे कोणीतरी ओठांतल्या ओठांत प्रत्येक वाक्य म्हणत उभे असेल. मुलगा चुकला की त्याचा जीव वरखाली होत असेल आणि मुलगा जिंकला की त्याचा चेहरा उजळत असेल. देवलमास्तरांची परंपरा तेथे उभी आहे, असे समजा आणि नाटक संपल्यावर आधी तेथे जाऊन नमस्कार करा.